ओमाने निवडलेली बंदूक

पिजन फोर्कच्या खोऱ्यात एस्टिल नोबलच्या नेमाचं कौतुक न केलेला माणूस शोधूनही सापडला नसता. लग्नाचं जेवण असो की चर्चमागच्या झाडाखालची पंगत, खारीचा पांढरा रस्सा आणि ताकातले मऊ पाव पानात पडले की कुणीतरी म्हणायचंच, "एस्टिलने मारलेली दिसतेय. एकाही घासात शिसं लागत नाही." एस्टिल मान खाली घालून पाव कुस्करायचा आणि मनातल्या मनात फुगायचा. शेजारी त्याची बायको ओमा बसलेली असायची. ती खार झाडाच्या पलीकडून अलीकडे आणली कुणी, हे तिला कुणी विचारलं नाही आणि तिनेही आपण होऊन सांगितलं नाही.

ज्याने खारीची शिकार केली नाही त्याला यातली गोम कळायची नाही. खार महा बेरकी. माणूस दिसला की ती पळत सुटत नाही, खोडाच्या पलीकडच्या अंगाला जाऊन चिकटून बसते. तुम्ही डावीकडून गेलात की ती उजवीकडे सरकते. एकटा माणूस दिवसभर झाडाला प्रदक्षिणा घालेल आणि हात हलवत घरी येईल. म्हणून जोडीला दुसरं माणूस लागतं. बंदूकवाल्याने एका बाजूला दगडासारखं बसायचं आणि दुसऱ्याने लांबून वळसा घालून पलीकडे जाऊन एखादं झुडूप हलवायचं. त्याला चुकवायला खार अलीकडे येते आणि नेमकी बंदुकीसमोर बसते. याला आमच्या केंटकीच्या डोंगरात खार फिरवणं म्हणतात. हे काम बायकापोरांचं समजतात. म्हणजे काय, तर पायपीट त्यांची आणि नाव बंदूकवाल्याचं.

ओमाला हे बाळकडूच मिळालं होतं. तिच्या बापाला सहा मुली. बंदूक होती, पण बंदुकीची दारू पोरींच्या हातात द्यायला त्याचा जीव व्हायचा नाही. "दारू काय झाडाला लागते?" असं म्हणून तो बंदूक आपल्याच खांद्यावर ठेवायचा आणि पोरींना झाडामागे पिटाळायचा. सहाजणींत ओमाचं पाऊल सगळ्यांत हलकं. झुडूप किती हलवायचं याचा अंदाज तिच्या हातात होता. जास्त हलवलं तर खार घाबरून दुसऱ्या झाडावर उडी मारते, कमी हलवलं तर ढिम्म बसून राहते. ओमा हवं तेवढंच हलवायची.

एका हिवाळ्याच्या तोंडावर लाकडाच्या गिरणीत एक नवा गडी आला आणि ओमाच्या बापाने त्याला शिकारीला नेलं. तो एस्टिल. ओमाने एक गलेलठ्ठ खार फिरवून अगदी त्याच्या पुढ्यात आणून ठेवली. एस्टिलने बार टाकला आणि वरून एक पान तेवढं गरगरत खाली आलं. झाडामागे ओमाला हसू आवरेना. बाप खेकसला, एस्टिल कानाच्या पाळीपर्यंत लाल झाला आणि पुढच्या रविवारी केसांना पाणी लावून, भांग पाडून दारात हजर झाला. त्यानंतर तो कधी हुकला नाही, असं लोक सांगतात. ओमाला खरं काय ते माहीत होतं, पण नवरा-बायकोतल्या गोष्टी ती चव्हाट्यावर आणत नसे.

पुढे तिने खोऱ्याच्या तोंडाशी असलेल्या शर्टांच्या कारखान्यात उभं आयुष्य कॉलर शिवण्यात घालवलं. तिथल्या कापडाच्या चिंध्या ती घरी आणायची, कारण एस्टिलच्या बंदुकीला चिंध्या लागत. आमच्याकडे खारीला ठासणीचीच बंदूक. नळीच्या तोंडातून माप भरून दारू ओतायची, तोंडावर थुंकीने भिजवलेली चिंधी ठेवायची, तीवर शिशाची गोळी, आणि मग लाकडी गजाने सगळं तळापर्यंत ठासायचं. एक बार झाला की पुन्हा पहिल्यापासून. एस्टिल चिंध्या गालात धरून ठेवायचा, त्यामुळे जंगलात तो जे काही बोलायचा ते ओमाशिवाय कुणाला कळायचं नाही. दुकानात याहून सोप्या बंदुका मिळतात हे काय आम्हाला माहीत नाही? पण एस्टिलचं म्हणणं, ज्याला एका गोळीत जमत नाही त्याने कोंबड्या पाळाव्यात.

असं चाललं होतं आणि एस्टिलचे डोळे गेले. पुरते गेले नाहीत, मधोमध गेले. झाड दिसायचं, झाडावरची खार दिसायची नाही. ओमाकडे बघितलं की तिचे कान आणि केस दिसायचे, चेहऱ्याच्या जागी धुरकट डाग. शहरातल्या डॉक्टरने सांगितलं, यावर इलाज नाही. एस्टिलने आजोबांच्या वेळची लांबलचक बंदूक दाराच्या वरच्या खुंट्यांवर टांगली आणि ओसरीवरच्या खुर्चीत जाऊन बसला. त्या वर्षी तो जंगलात गेला नाही. पंगतीला जायचंही त्याने सोडलं. कुणी कौतुक केलं असतं तर त्याला सोसवलं नसतं आणि केलं नसतं तर तेही सोसवलं नसतं. ओमाने ताटात काय वाढलं हे सांगितलं तरच तो जेवायचा, नाहीतर चमचा हातात धरून बसायचा.

मग एक दिवस त्याने चुलतभाऊ ब्युफर्डला निरोप धाडला, की बंदूक घेऊन जा, इथे खुंटीवर गंज चढतोय. ओमा ते ऐकून आत गेली आणि ओट्याला धरून उभी राहिली. तिला भीती वाटली. बंदूक गेली तर हा माणूस त्या खुर्चीतून पुन्हा उठणार नाही, हे तिला लख्ख दिसलं. बाहेर येऊन ती म्हणाली, "यंदा मी मारणार."

"काय मारणार?"

"खारी. मी मारते, तू फिरव."

एस्टिलने तिच्या आवाजाच्या दिशेने तोंड वळवलं. "मी? झुडपं हलवत फिरू? या वयात? लोक काय म्हणतील?"

"मी चाळीस वर्षं हलवली, तेव्हा लोक काही म्हणाले नाहीत."

एस्टिलने खुर्चीच्या हातावर अंगठा घासला. मग म्हणाला, "फिरवणार नाही. हवं तर ठासून देईन. ते मला डोळे मिटून येतं."

"उघडे ठेवून तरी तुला काय दिसतंय?" ओमा बोलून गेली आणि तिने जीभ चावली. एस्टिल हसला नाही, पण रागावलाही नाही. ठासून देईन, हे त्याचे शब्द मात्र तिने पदरात बांधून घेतले. गेल्या वर्षभरात त्याने आपण होऊन कशालाही हात लावायची तयारी दाखवली नव्हती.

आजोबांची बंदूक तिला पेलवेना. दोन दिवस ती परसात प्रयत्न करत होती. हात आखूड, नळी लांब. नेम धरेपर्यंत नळीचं तोंड जमिनीकडे झुकायचं. तेव्हा नवी बंदूक घेणं आलं. खोऱ्यात ठासणीच्या बंदुका घडवणारा एकच, व्हर्लिन स्पायसर. त्याच्या बायकोचा डोळा ओमाच्या एका गोधडीवर केव्हापासून होता. ओमाने ती गोधडी घडी करून पिकअपमध्ये ठेवली, एस्टिलला शेजारी बसवलं आणि गाडी काढली. गाडी ओमा चालवत होती आणि एस्टिल तिला रस्ता सांगत होता.

"आता पूल येईल. हळू घे."

"पूल मागे गेला, एस्टिल."

"मग सांगायचंस की."

व्हर्लिनचं दुकान म्हणजे घरामागची पत्र्याची शेड. खिडकीला चौकट आहे, काच नाही. उन्हाळ्यात वारा आणि हिवाळ्यात घोंगडी. ओमाने सावली बघून पिकअप नेमकी त्या खिडकीखाली लावली. आत जवसाच्या तेलाचा वास आणि घोट्यापर्यंत लाकडाचा भुसा. ब्युफर्ड एका पिंपावर बसून तंबाखू चघळत होता. तो तिथे का होता हे विचारण्यात अर्थ नाही, ब्युफर्ड कुठेही असतो.

"ओमाकाकू, कशी हवी?" व्हर्लिनने विचारलं. पन्नाशीचा, दाढीत भुशाचे कण, बोलणं मोजकं.

"माझ्या हातात राहील अशी. घरची चाळीसची माझ्याने उचलवत नाही."

"चाळीसची खारीला नकोच. डोक्यात लागली तर ठीक. अंगात लागली तर रश्श्याला शेपूट उरेल."

"आमच्या आजोबांना नाही कधी शेपूट उरलं," दारातून एस्टिल म्हणाला.

"आजोबा डोक्यातच मारायचे, काका."

यावर एस्टिल खूश झाला. व्हर्लिनने दोन बंदुका बाकावर ठेवल्या, एक बत्तीसची आणि एक छत्तीसची. हे आकडे नळीच्या भोकाचे. आकडा लहान तितकी गोळी बारीक. बत्तीसचीची गोळी वाटाण्याएवढी, तिला दारू चिमूटभर पुरते आणि गज छडीसारखा बारीक. छत्तीसची तिच्याहून थोडी दणकट आणि थोडी जड.

ओमाने बत्तीसची उचलली आणि तिचा चेहराच बदलला. बंदूक आपली आपण खांद्याला येऊन बसली. दस्ता गालाला असा टेकला, की जणू माप घेऊन शिवलेली कॉलर. व्हर्लिनने ठासून दिली. पलीकडे झाडाला एक फळी टेकवून तिच्यावर कोळशाने काळा ठिपका काढलेला होता. ओमा दाराच्या चौकटीला नळी टेकवून उभी राहिली, श्वास सोडला आणि चाप ओढला.

"कुठे लागली?" एस्टिलने विचारलं.

"काळ्यात," व्हर्लिन म्हणाला.

"काळ्यात कुठे?"

"मधोमध, काका."

"वाऱ्याने नेली असेल," ब्युफर्ड म्हणाला. तेव्हा ओमाने दुसरी मारली. ती पहिलीला खेटून लागली. ब्युफर्डने तंबाखू थुंकला.

एस्टिलचा चेहरा खुलला. ओमाने तो चेहरा वर्षभर पाहिला नव्हता. मेली ही बंदूक आधीच का नाही घेतली, असं तिला वाटून गेलं. "आण इकडे," एस्टिल म्हणाला. "तिसरी मी ठासतो."

दारू त्याने बरोबर मापली. मापाच्या तोंडावरून अंगठा फिरवून जास्तीची काढली, ओतली, नळीला टिचकी मारली. बाकावरची चिंधी थुंकीने भिजवून नळीच्या तोंडावर नीट बसवली. मग बाकावरच्या गोळ्यांच्या वाटीत हात घालून गोळी काढली. एस्टिलची बोटं गिरणीतल्या ओंडक्यांनी ठेचून ठेचून चपटी झालेली. टोकांना जाड कातडं, त्याखाली फारसं काही जाणवत नसे. चाळीसची गोळी त्या बोटांना कळायची. ही कळेना. गोळी बोटातच आहे असं समजून त्याने हात नळीकडे नेला तेव्हा ती केव्हाच भुशात पडलेली होती.

"थांबा," तो म्हणाला. "आहे माझ्याकडे." दुसरी काढली. तीही पडली. तो गुडघ्यांवर बसला आणि भुशातून हात फिरवू लागला. ओमाला पुढे व्हावंसं वाटलं, पण ती जागची हलली नाही. ती पुढे झाली असती तर त्याला जास्त लागलं असतं. व्हर्लिन खिडकीबाहेर बघत राहिला. शेवटी एस्टिलने उठून वाटीतून तिसरी काढली, ती कशीबशी चिंधीवर बसवली आणि गज घेतला. बारीक गज आखूड पकडायचा असतो, वीतभर वीतभर ढकलायचा. एस्टिलच्या हाताला आजोबांच्या बंदुकीच्या जाड गजाची सवय. त्याने वरच्या टोकाला मूठ आवळली आणि भार टाकला. गज काडकन मोडला. गोळी नळीत अर्ध्यावर अडकली आणि गजाची धस त्याच्या तळहातात शिरली.

व्हर्लिन गजाचे तुकडे उचलू लागला. मग अर्थातच ब्युफर्ड बोलला. "एस्टिल, तुझ्या हातात काड्या देऊन चालायचं नाही बाबा. तुला ओंडकेच द्यायला हवेत." ब्युफर्ड वाईट माणूस नाही. तोंड उघडण्याआधी डोकं वापरायची त्याला सवय नाही, एवढंच.

एस्टिलने बंदूक हाताने चाचपत बाकावर ठेवली, हळू, तिला ओरखडा येणार नाही अशी. "पोराटोरांचं खेळणं आहे हे," तो म्हणाला आणि भिंतीला हात लावत लावत बाहेर गेला. पिकअपचं दार उघडल्याचा आणि लागल्याचा आवाज आला.

"गजाचं काय, पितळेचा बसवून देतो," व्हर्लिन म्हणाला.

"आणि गोळीचं?"

व्हर्लिनने दाढी खाजवली. "एक लाकडाची पट्टी करून देतो. तिला भोकं पाडायची. गोळ्या घरूनच चिंधीसकट भोकात बसवून न्यायच्या. काकांनी पट्टी नळीवर धरायची आणि गजाने ढकलायची. गोळीला हात लावायला नको."

युक्ती चांगली होती. ओमाने ती मनात चालवून पाहिली. स्वयंपाकघरात बसून आपण पट्टीत एकेक गोळी बसवतोय, आणि सकाळी तो ढकलतोय. लहान मुलाच्या ताटातलं मांस आईने कापून द्यावं तसंच ते. एस्टिल एकदा ढकलेल, दोनदा ढकलेल, आणि तिसऱ्या दिवशी म्हणेल की गुडघा दुखतोय, तू जाऊन ये.

"नको," ती म्हणाली. "त्याला कळेल."

"काय कळेल?"

"ठासलंय मी आणि तो नुसता ढकलतोय, ते."

"मग तूच ठास की!" ब्युफर्ड म्हणाला. "तुला काय येत नाही?"

"येतं ना. तीच तर पंचाईत आहे."

बाकावर व्हर्लिनचा जाड चामड्याचा हातमोजा पडला होता. ओमाने तो उजव्या हातात चढवला. मग डोळे मिटून तिने बत्तीसचीच्या गोळ्यांच्या वाटीत बोटं घातली. हाताला काही लागलंय की नाही हेच कळेना. गोळी उचलली असं वाटून हात वर आणला तर चिमूट रिकामी. पुन्हा घातली, पुन्हा रिकामी. म्हणजे एवढा वेळ भुशात हात फिरवताना त्या माणसाला हे असं होत होतं. तिने दुसरी वाटी ओढली, छत्तीसचीची. तिच्यातली गोळी चामड्यातून कळली. चिमटीत आली, तिथेच राहिली आणि ओमाने डोळे मिटूनच ती बाकावरच्या छत्तीसचीच्या नळीच्या तोंडावर ठेवली. डोळे उघडले तेव्हा ब्युफर्डसुद्धा टक लावून बघत होता.

"ही दे," ओमा म्हणाली.

"आधी मारून तर बघ," व्हर्लिन म्हणाला. तिने मारली. नळी जड, नेम हलला. एक गोळी काळ्याच्या काठाला लागली आणि दुसरी काळ्याबाहेर. व्हर्लिनचा जीव कळवळला, कारण बत्तीसची त्याने फार मनापासून घडवली होती. "काकू, ती तुझी बंदूक आहे गं. आंधळ्यालाही दिसेल. हिच्याने खार हुकेल तुझी."

"हुकली तर हुकली. खारी काय, जंगलात खंडीभर आहेत," ओमा म्हणाली. "नवरा एकच आहे."

व्हर्लिनने छत्तीसची पुसून तिच्या हातात दिली, गोळ्या दिल्या आणि गोधडी काखेत मारून घराकडे गेला. ब्युफर्डने पिंपावरून उठून बंदूक पिकअपपर्यंत नेऊन दिली, आणि त्या दिवसापुरतं तोंड मिटून ठेवलं. आजोबांची बंदूक न्यायलाही तो पुढे कधी आला नाही.

गाडी रस्त्याला लागल्यावर एस्टिल म्हणाला, "बत्तीसची घेतलीस?"

"छत्तीसची."

"का? मधोमध लागत होती की."

"दस्ता गालाला टोचत होता. आणि लाकूड मनात भरलं नाही."

एस्टिलने मांडीवरच्या बंदुकीवरून हात फिरवला. दस्त्यापासून नळीच्या तोंडापर्यंत आणि परत. गज ओढून त्याची जाडी चाचपली. "लाकूड बरं आहे हे," एवढंच तो म्हणाला.

त्यानंतर रोज संध्याकाळी तो ओसरीवर बसून रिकाम्या नळीत गोळी ठासण्याचा सराव करायचा. आतून ओमाला गजाचा आवाज यायचा. एखादी गोळी फरशीवर पडून गडगडली की ओमा मुद्दाम भांडी आदळायची, म्हणजे आपल्याला ऐकू आलं नाही असं त्याला वाटावं. हळूहळू भांडी आदळायची वेळ कमी येऊ लागली.

ऑगस्टमध्ये हंगाम उघडला त्या सकाळी दोघं अंधारातच निघाली. ओमा पुढे, तिच्या खांद्यावर एस्टिलचा हात. दरीत धुकं साचलं होतं. डोंगराच्या पोटाशी हिकरीचं एक थोरलं झाड आहे, अक्रोडाच्या जातीचं, त्याला फळं लवकर येतात. त्याच्या समोर दोघं एका पडलेल्या खोडाला टेकून बसली. एस्टिलने गालात चिंधी धरली होतीच. त्याने दारू घातली, चिंधी लावली, गोळी काढली, ठेवली, ठासली. कुठे चूक नाही. ओमाने बंदूक घेतली आणि मांडीवर आडवी ठेवली.

उजाडलं. पानांवर काहीतरी बारीक टपटपू लागलं, आणि ओमाच्या आधी एस्टिलचा हात तिच्या गुडघ्यावर आला. "वर," तो कुजबुजला. "डावीकडे. हिकरीची सालं पाडतेय." ओमाने वर पाहिलं. होती. चांगली मोठी, तांबूस पोटाची. पण तिनेही ओमाला पाहिलं, आणि शेपटी झटकून ती खोडाच्या पलीकडे गेली.

"काय झालं?"

"पलीकडे गेली."

दोघं बसून राहिली. खार पलीकडे चिकटलेली, ओमा अलीकडे. सूर्य वर येत होता. एस्टिल समोर बघत होता, ओमा झाडाकडे. फिरव म्हणून ती त्याला म्हणाली नाही. एकदा म्हणून झालं होतं, आणि हट्टी माणसाला तीच गोष्ट दोनदा सांगितली की तो मरेपर्यंत करत नाही. बंदूक खाली ठेवून आपणच उठून जावं की काय, असं तिच्या मनात आलं.

शेवटी एस्टिलचे गुडघे वाजले. "शिंग धर," असं म्हणून त्याने दारू ठेवायचं शिंग तिच्या मांडीवर टाकलं आणि तो उठला. एका झाडावरून दुसऱ्या झाडावर हात टेकत, बाजूच्या नजरेने अंदाज घेत तो लांबून वळसा घालू लागला. एक फांदी त्याच्या पायाखाली मोडली, एका वेलीत अडखळून तो शिवी हासडता हासडता राहिला. ओमाने ओठ घट्ट मिटले. पलीकडे पोचल्यावर त्याने झुडूप धरलं आणि ते असं गदागदा हलवलं, की जणू उपटून घरी न्यायचंय. आता गेली खार पुढच्या झाडावर, असं ओमाला वाटलं. पण खार काही तेवढी भित्री नव्हती. ती अलीकडे आली आणि खोडाला सपाट चिकटून बसली, ओमाच्या अगदी समोर.

ओमाने श्वास सोडला, चाप ओढला. बार झाला. धूर विरला तेव्हा खार शेंड्यावर जाऊन शिव्याशाप देत होती, आणि वरून एक पान गरगरत खाली येत होतं.

झाडामागून आवाज आला. एस्टिलला ठसका लागला असं तिला आधी वाटलं. मग कळलं, तो हसत होता. झाडाला धरून, वाकून, पोट धरून हसत होता.

"पान पडलं ना? पडलं ना पान?" तो ओरडला. "मी ऐकलं!"

"ओरडू नकोस, आणखी खारी पळतील!"

"पळू देत! फिट्टंफाट झाली, ओमा! इतकी वर्षं वाट बघत होतो!"

तो हसत हसतच परत आला, तिच्या शेजारी टेकला आणि त्याने बंदुकीसाठी हात पुढे केला. ओमाने ती दिली. दारू, चिंधी, गोळी, गज. त्याची चपटी बोटं सावकाश, नेमकी चालत होती. गज तळाला टेकला तेव्हा तो म्हणाला, "बत्तीसची असती तर लागली असती."

ओमाने मांडीवर पडलेली सालं झटकली.

"गालाला टोचत होती म्हणे."

"टोचतच होती."

"डोळे गेलेत माझे, कान नाही," एस्टिल म्हणाला. "गाडी कुठे लावली होतीस तू? व्हर्लिनच्या खिडकीला काच आहे का?"

ओमाला त्या दिवशी आपण काय काय बोललो ते सगळं एका दमात आठवलं. तिने तोंड फिरवलं. एस्टिलने बंदूक तिच्या हातात दिली, आणि देताना आपला हात तिच्या हातावर जरा वेळ तसाच ठेवला. मग कुणी न सांगता तो उठला.

"आता हळू हलवतो," तो म्हणाला आणि झाडाला हात लावत लावत पलीकडे गेला.

ओमाने बाहीने डोळे पुसले, कारण ओल्या डोळ्यांनी नेम धरता येत नाही. तिने गाल दस्त्याला टेकवला. पलीकडे झुडूप हललं, हवं तेवढंच.